तान्ह्या बाळाला सीपीआर: दाब कुठे, किती खोल आणि कोणत्या क्रमानं

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अंगणवाडीत सरावाची रबरी बाहुली मी फरशीवर ठेवली आणि समोरच्या बायकांना एवढंच म्हटलं, "बाळ श्वास घेत नाहीये. करा काय करायचं ते." पहिलीनं बाहुली उचलून छातीशी धरली आणि ती दाराकडे पळाली. दुसरीनं बाहुलीला पाय धरून उलटं केलं. तिसरीनं छाती दाबली, पण इतक्या हलक्या हातानं की आतला खटका एकदाही वाजला नाही. पुरेसं खोल दाबलं तरच तो टक् करून वाजतो.

मी परिचारिका आहे आणि असे सराव गेली काही वर्षं घेते. जुळे सोलापूर असो की विडी घरकुल, याच तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. शिकलेल्या घरांतही दिसतात. म्हणून सीपीआरची, म्हणजे थांबलेला श्वास आणि रक्तप्रवाह चालू ठेवायला छातीवर दाब आणि तोंडानं श्वास देण्याची, सगळी कृती क्रमानं लिहून काढते आहे. एकदा नुसती वाचा, दुसऱ्यांदा समोर उशी घेऊन वाचा.

## आधी हे बघा: कोणतं बाळ, कोणता प्रसंग

ही पद्धत एक वर्षाच्या आतल्या बाळासाठी आहे. नुकतंच जन्मलेलं, अजून न रडलेलं बाळ यात येत नाही. त्याच्यासाठी तीन दाबांना एक श्वास असं वेगळं गणित असतं आणि ते काम प्रसूतिगृहातल्या प्रशिक्षित माणसांचं.

मोठं माणूस अचानक कोसळतं तेव्हा बहुधा त्याचं हृदय आधी बंद पडलेलं असतं. बाळाचं उलट असतं. घशात काहीतरी अडकतं, तोंड पाण्यात बुडतं, न्यूमोनियानं दम संपतो. आधी श्वास थांबतो, मग रक्तातला ऑक्सिजन कमी होत जातो, हृदय मंदावतं आणि थांबतं. "नुसती छाती दाबा, तोंडानं श्वास द्यायची गरज नाही" असं तुम्ही मोबाइलवर कुठेतरी पाहिलं असेल. तो सल्ला मोठ्या माणसासाठी आहे. बाळाला दाब आणि श्वास दोन्ही लागतात. श्वास देणं काही कारणानं शक्यच नसेल तर नुसते दाब द्या, काहीच न करण्यापेक्षा ते नक्की चांगलं. पण शक्य असताना श्वास टाळू नका.

## तयारी: बाळ हसतंखेळतं असताना करायची

जागा. दाब द्यायला खालची जागा कडक आणि सपाट हवी. आपल्याकडे घरोघरी शहाबादी फरशी असते, तिच्याइतकी चांगली जागा नाही. गादीवर, पाळण्यात किंवा साडीच्या झोळीत दाब दिला की छाती दबण्याऐवजी सगळं बाळच खाली जातं. तुम्हाला वाटतं जोर लागतोय, प्रत्यक्षात तो जोर गादी खाते. घरात अशी मोकळी, उजेडाची जागा कुठे आहे हे आत्ताच बघून ठेवा.

फोन. रुग्णवाहिकेसाठी १०८, फुकट लागतो. ११२ वरही मदत मागता येते. फोन स्पीकरवर कसा टाकायचा हे घरातल्या आजीसह प्रत्येकाला दाखवा. पत्ता सांगताना लोक अडखळतात, म्हणून तो दाराजवळ भिंतीवर लिहून ठेवा: घर क्रमांक, बोळाचं तोंड कुठे उघडतं, ओळखीची खूण. विडी घरकुलासारख्या वसाहतीत घरं एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी असतात, तिथे घर क्रमांक सांगितल्याशिवाय गाडी दारात पोचत नाही. आजी तेलुगू किंवा कन्नडच बोलत असेल तर फोनवर मराठी कोण बोलेल हेही ठरवून ठेवा.

सराव. जिवंत बाळावर सराव कधीही करायचा नाही, गमतीतसुद्धा नाही. सोलापुरी चादरीची घट्ट घडी घाला, साधारण १२ सेंटीमीटर उंच. शेजारी शाळेची पट्टी उभी धरायला कुणाला तरी सांगा आणि घडी ४ सेंटीमीटर खाली जाईपर्यंत दाबा. पहिल्यांदा बहुतेकांना धक्का बसतो, कारण ४ सेंटीमीटर म्हणजे वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त. हा अंदाज हातात बसणं हीच अर्धी तयारी. उरलेली अर्धी बाहुलीवर प्रत्यक्ष शिकून होते. बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, जीवरक्षणाची प्रशिक्षणं घेते. तुमच्या मुलांच्या डॉक्टरांकडे चौकशी करा.

तयारीतच आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण त्या आपल्या गावच्या आहेत. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून घरोघरी पिंपं, टब, बादल्या भरून ठेवलेल्या असतात. रांगत्या बाळाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. बादलीत वाकलं की त्याला स्वतःला वर येता येत नाही, आणि वीतभर पाणीही पुरतं. झाकणं घट्ट बसवा, रिकामी बादली पालथी घाला. दुसरी गोष्ट शेंगदाणे. चटणी कुटताना फरशीवर उडालेला एक दाणा रांगणाऱ्या बाळाच्या थेट तोंडात जातो. कुटणं झालं की आधी झाडू.

## टप्पा १: धोका दूर करा, बाळाला हाक मारा

बाळाकडे धावण्याआधी एक नजर आजूबाजूला. विजेचा धक्का असेल तर बाळाला हात न लावता आधी मेन स्विच बंद. घरात माग चालू असेल तर तोही बंद करा, कारण खटखटाटात तुमची हाक शेजारी ऐकू जात नाही आणि बाळाचा श्वासही कळत नाही.

मग बाळाच्या तळपायावर टिचक्या मारा आणि मोठ्यानं हाक मारा. रडलं, हललं, डोळे उघडले तर सीपीआरची गरज नाही, पण डॉक्टरांकडे लगेच न्या.

सावध: बाळाला गदागदा हलवू नका, त्यानं मेंदूला इजा होते. गालांवर चापट्या, तोंडावर पाणी, नाकाला कांदा, तळव्यांना चोळणं, यांतलं काहीही बंद पडलेला श्वास सुरू करत नाही. वेळ मात्र जातो.

## टप्पा २: मदतीला हाक आणि १०८

घरात दोघं असाल तर एकानं फोन, दुसऱ्यानं बाळ. "कुणीतरी फोन करा" असं ओरडलं की कुणीच करत नाही. नाव घेऊन सांगा: "सुनीताताई, तुम्ही १०८ लावा. राजू, तू बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहा, गाडीला हात कर."

फोनवर पहिलं वाक्य हे असू द्या: "बाळ श्वास घेत नाही, सीपीआर चालू आहे." मग वय आणि पत्ता. पलीकडून सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

एकटे असाल आणि हाताशी मोबाइल असेल तर तो स्पीकरवर टाकून बाजूला ठेवा आणि हात कामाला लावा. फोन जवळ नसेल तर आधी दोन मिनिटं सीपीआर, मग फोन शोधायला निघा आणि बाळाला बरोबर घेऊन जा. बाळ लहान असतं, उचलून नेता येतं. अपवाद एकच: हृदयाचा आजार माहीत असलेलं बाळ तुमच्या डोळ्यांदेखत अचानक निपचित पडलं तर आधी फोन.

## टप्पा ३: श्वास बघा, जास्तीत जास्त १० सेकंद

झबलं वर करा, दुपटं सोडा, छाती आणि पोट उघडं करा. बाळं पोटानं श्वास घेतात, म्हणून नुसत्या छातीकडे बघून फसायला होतं. पोट वरखाली होतंय का? नाकाशी गाल नेला तर हवा लागते का? मनात दहापर्यंत मोजा, त्यापुढे थांबू नका.

इथली मोठी फसगत म्हणजे आचके. मध्येच एखादा उचकीसारखा श्वास येतो, तोंड माशासारखं उघडतं, मग बराच वेळ काही नाही. "बघा, घेतंय की श्वास," असं कुणीतरी म्हणतं आणि सगळे थांबतात. आचका म्हणजे श्वास नाही. हाकेला प्रतिसाद नाही आणि नीट श्वास नाही, एवढं पुरेसं आहे, सुरू करा. नाडी शोधत बसू नका. तान्ह्या बाळाची नाडी दंडाच्या आतल्या बाजूला लागते, ती घाईत सापडणं शिकलेल्यांनाही जड जातं.

फिट येत असेल, म्हणजे हातपाय झटके देत असतील, तर त्या क्षणी छाती दाबायची नाही. बाळाला कुशीवर ठेवा. झटके थांबल्यावर श्वास पुन्हा तपासा आणि नसेल तर पुढच्या टप्प्यावर या.

## टप्पा ४: छातीवर दाब

या टप्प्यावर सगळ्यात जास्त चुकतं, म्हणून इथे सावकाश जाऊ.

बाळाला ठेवणं. कडक जागेवर उताणं. अंगावर मालिशचं तेल असेल तर छाती कापडानं खसकन पुसा, नाहीतर दाब देताना हात बरगड्यांवर घसरतो. गळ्यातला ताईत, साखळी, काळे मणी बाजूला सारा.

जागा. दोन्ही स्तनाग्रांना जोडणारी एक रेघ मनात काढा. ती रेघ छातीच्या मधल्या हाडाला जिथे छेदते त्याच्या लगेच खाली दाबायचं. हे त्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागात येतं. हाड पोटाकडे जिथे संपतं तिथे एक छोटं टोक लागतं. त्या टोकावर नाही, पोटावर नाही, आणि डावीकडे "हृदयावर"ही नाही. हृदय डावीकडे असतं असं शाळेत शिकल्यामुळे माणसं हात तिकडे नेतात. दाब मधोमधच हवा.

पकड. दोन पद्धती आहेत.

पहिली, दोन अंगठ्यांची. दोन्ही हातांनी बाळाच्या छातीला वेढा घाला, बोटं पाठीखाली आधाराला, दोन्ही अंगठे शेजारी-शेजारी त्या जागेवर. बाळ अगदी लहान असेल तर अंगठा अंगठ्यावर आला तरी चालतं. दाब अंगठ्यांनीच द्यायचा. बोटांनी बरगड्या दोन्ही बाजूंनी आवळायच्या नाहीत.

दुसरी, एका हाताची. तळहाताचा मनगटाजवळचा गादीसारखा भाग हाडावर टेकवा, बोटं वर उचललेली, कोपर सरळ. दुसरा हात कपाळावर, डोकं जागेवर ठेवायला. बाळ गुटगुटीत असेल आणि हातांचा वेढा पुरत नसेल तर हीच वापरा. एकट्या माणसाला ही सोयीची पडते, कारण कपाळावरचा हात हलतच नाही आणि श्वास देताना डोकं पुन्हा बसवत बसावं लागत नाही. तुम्हाला कोणती जमते ते सरावातच ठरवा. प्रसंगाच्या वेळी निवड करत बसायला नको.

दोन बोटांनी दाबायला तुम्ही आधी कधी शिकला असाल तर ते आता बाजूला ठेवा. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२५च्या मार्गदर्शक सूचनांतून ती पद्धत काढली, कारण दोन बोटांनी पुरेशी खोली गाठली जात नाही. मला सरावात हे आधीपासून दिसायचं. पहिले दहा दाब बरे पडतात, विसाव्यापर्यंत बोटं वाकायला लागतात आणि खटका गप्प होतो.

खोली. छातीच्या जाडीच्या किमान एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ४ सेंटीमीटर. "बरगडी मोडली तर?" हा प्रश्न प्रत्येक सरावात येतो, आणि विचारणारी बहुधा आईच असते. बाळाच्या बरगड्या लवचीक असतात, बराचसा भाग कूर्चेचा असतो. नीट जागेवर दिलेल्या दाबानं त्या क्वचितच मोडतात. मोडलीच तर भरून येते. थांबलेलं रक्त मात्र हलक्या हातानं मेंदूपर्यंत पोचत नाही. गोंजारल्यासारखा दाब हा दाबच नव्हे.

वेग. मिनिटाला १०० ते १२०. म्हणजे ३० दाब १५ ते १८ सेकंदांत व्हायला हवेत. मराठीत मोजताना एक अडचण येते. एक ते दहा झटपट होतात, पण पुढे "एकोणीस", "सत्तावीस", "अठ्ठावीस", "एकोणतीस" हे शब्द लांबतात आणि त्यांच्याबरोबर हातही मंदावतो. म्हणून तीसपर्यंत मोजूच नका. एक ते दहा, एक ते दहा, एक ते दहा, अशा तीन फेऱ्या मोजा. मोठ्यानं मोजा, शेजारच्यालाही कळतं कुठे आहात ते. घरी मोबाइलच्या घड्याळावर लावून बघा. तीन फेऱ्या बारा सेकंदांत संपत असतील तर तुम्ही घाई करताय. इतक्या वेगात खोलीही राहत नाही.

सोडणं. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. हात किंवा अंगठे त्वचेवरून उचलायचे नाहीत, पण त्यांचं वजन छातीवर ठेवायचं नाही. छाती वर येते तेव्हाच हृदयात पुन्हा रक्त भरतं. भरलंच नाही तर पुढचा दाब रिकामा जातो. दमलं की माणूस बाळावर रेलायला लागतो, आणि ते त्याचं त्यालाच कळत नाही. म्हणून शेजारी उभ्या असणाऱ्यानं हे बघावं आणि स्पष्ट सांगावं: "वर येऊ दे."

थांबून तपासा (सरावात): जागा मधोमध? बोटं बरगड्या आवळत नाहीत? घडी ४ सेंटीमीटर दबते? पूर्ण वर येते? तीन फेऱ्या १५ ते १८ सेकंदांत? या पाचही प्रश्नांना "हो" येईपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: दोन श्वास

३० दाब झाले की दोन श्वास.

बाळाचं डोकं मागून मोठं असतं, त्यामुळे उताणं ठेवलं की हनुवटी छातीकडे झुकते आणि हवेची वाट बंद होते. खांद्यांखाली दुपट्याची एक पातळ घडी सरकवा. डोकं इतकंच मागे करा की नाक सरळ छताकडे येईल आणि हनुवटी किंचित उचललेली राहील. मोठ्या माणसासारखं डोकं खूप मागे ढकलायचं नाही. बाळाची श्वासनलिका मऊ असते, जास्त ताणली तर उलट बंद होते.

आता तुमच्या तोंडानं बाळाचं तोंड आणि नाक दोन्ही एकदम झाका. मोठ्या माणसासारखं नाक चिमटीत धरायचं नाही. गालात मावेल एवढीच हवा, एका सेकंदात, आत सोडा आणि तिरप्या नजरेनं छातीकडे बघा. छाती हलकेच उचलली की पुरे. ती खाली बसू द्या, मग दुसरा श्वास. पूर्ण दम भरून फुंकलं तर हवा पोटात जाते, पोट फुगतं आणि उलटी होते.

पहिल्या श्वासाला छाती उचललीच नाही तर डोकं पुन्हा नीट करा, तोंडाची पकड घट्ट करा आणि दुसरा द्या. तोही गेला नाही तर तिसऱ्या-चौथ्याच्या नादी लागू नका, दाबांकडे परत या. दोन श्वासांत मिळून दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ जाता कामा नये.

सावध: दाब देताना आणि श्वास देताना पोट दाबून "हवा काढायची" नाही. उलटी झाली तर बाळाला कुशीवर वळवा, दिसेल तेवढं कापडानं पुसा, परत उताणं करा आणि दाब सुरू.

## टप्पा ६: चक्र चालू ठेवणं

३० दाब, २ श्वास. पुन्हा ३० दाब, २ श्वास. अशी पाच चक्रं साधारण दोन मिनिटांत होतात. दुसरं कुणी शिकलेलं असेल तर दर दोन मिनिटांनी दाब देणारा बदला, दमला नसेल तरीही. अदलाबदल पाच सेकंदांत व्हावी. नवीन माणसानं आधीच समोर गुडघ्यांवर बसून तयार राहायचं.

दोघंही प्रशिक्षित असाल, म्हणजे परिचारिका, डॉक्टर किंवा बाहुलीवर नीट शिकलेले, तर एकानं दाब आणि दुसऱ्यानं श्वास, आणि प्रमाण १५ दाबांना २ श्वास. बाकीच्यांनी ३० ला २ च ठेवावं. काही प्रशिक्षणांत सुरुवातीलाच पाच श्वास देऊन मग दाब शिकवतात. तुम्ही तसं शिकला असाल तर तसंच करा, तेही बरोबर आहे. दोन पद्धतींची भेळ करून मध्येच अडखळणं तेवढं टाळा.

"आता बघू जरा श्वास आला का" म्हणून दर अर्ध्या मिनिटाला थांबणं ही फार सामान्य चूक आहे. दाब थांबले की रक्ताचा प्रवाह लगेच पडतो आणि पुन्हा चढायला बरेच दाब लागतात. बाळ स्वतः हललं, रडलं, श्वास घ्यायला लागलं तर ते तुम्हाला दिसेलच.

जवळपास कुठे एईडी, म्हणजे गरज असेल तर हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, असेल तर ते मागवा आणि आलं की चालू करा. ते मराठीत बोललं नाही तरी चित्रं असतात. लहान मुलांचे पॅड असतील तर ते लावा, नसतील तर मोठ्यांचे चालतात: एक छातीवर, एक पाठीवर, एकमेकांना न चिकटता. घरात, बोळात हे यंत्र सहसा मिळत नाही. त्याची वाट बघत हात थांबवू नका.

## दोन वेगळे प्रसंग

बादलीत किंवा पिंपात बुडालेलं बाळ. बाहेर काढल्यावर पाय धरून उलटं टांगणं आणि पोट दाबून पाणी काढणं, हे दोन्ही आपल्याकडे हमखास होतं. दोन्ही करू नका. पोटातलं पाणी वर येऊन श्वासनलिकेत जातं, आणि ऑक्सिजनवाचूनची मिनिटं वाढत जातात. इथे क्रम थोडा बदलतो: श्वास नसेल तर आधी २ श्वास, मग ३० दाब, पुढे नेहमीचं चक्र. ओले कपडे काढा आणि कोरड्या चादरीत गुंडाळा, छाती तेवढी उघडी ठेवा.

घशात अडकलेला दाणा. बाळ जोरात खोकत किंवा रडत असेल तर त्याला खोकू द्या, हवा जाते आहे. आवाजच निघत नसेल, चेहरा निळा-काळा पडत असेल, तर बाळाला हातावर पालथं घ्या. जबडा तुमच्या हातानं धरलेला, डोकं छातीपेक्षा खाली, हात मांडीवर टेकलेला. दोन खांद्यांच्या फऱ्यांच्या मधोमध मनगटाजवळच्या तळहातानं पाच ठोके. मग उताणं करा आणि टप्पा ४ मधल्याच जागेवर तळहातानं पाच दाब, पण प्रत्येक सुटा आणि झटक्यासारखा. पाच ठोके, पाच दाब, असं वस्तू बाहेर येईपर्यंत किंवा बाळ निपचित होईपर्यंत. मोठ्यांना पोटावर देतात तो दाब बाळाला द्यायचा नाही, यकृताला इजा होते.

बाळ निपचित झालं तर फरशीवर ठेवा, १०८ लावलेला नसेल तर लावा आणि सीपीआर सुरू करा. फरक एवढाच की प्रत्येक वेळी श्वास देण्याआधी तोंडात डोकावून बघा. दाणा दिसला तर करंगळीनं बाहेर काढा. दिसत नसेल तर बोट घालून चाचपडू नका. अशा चाचपडण्यानं वरचा दाणा खाली जातो, आणि मग तो काढायला रुग्णालयातली दुर्बीणच लागते. पाणी पाजणं, केळं भरवणं, मध चाटवणं यांतलं काहीही नको.

## रिक्षा की १०८?

सगळ्यांत कठीण प्रश्न हाच, आणि लोक तो फार तळमळून विचारतात. आईबापांचा जीव थांबायला तयार नसतो. बाळ उचलून मोटारसायकलवर बसायचं आणि सिव्हिल गाठायचं, हे इतकं आपसूक होतं की त्यात कुणाला दोष देता येत नाही. पण मोटारसायकलवर किंवा खांद्यावर घेतलेल्या बाळाला दाब देता येत नाहीत, श्वास देता येत नाहीत. अशोक चौकातून सिव्हिलपर्यंतची संध्याकाळची गर्दी आठवा. तेवढी सगळी मिनिटं बाळाच्या मेंदूला काहीच मिळत नाही.

म्हणून पहिली दोन मिनिटं जिथे आहात तिथेच, फरशीवर. गाडी निघाली आहे का हे १०८ वाल्यांना विचारा आणि ते सांगतील तसं करा. शहराबाहेरच्या वस्तीवर, शेतात असाल आणि गाडीला फार वेळ लागणार असेल, तर दारातलं चारचाकी वाहन घ्यावं लागतं. अशा वेळी मागच्या सीटवर खाली कडक फळी किंवा पाट घालून बाळाला उताणं ठेवा, एकानं दाब, एकानं श्वास. चालवणारा तिसराच हवा. दुचाकी नको.

## कधी थांबायचं, थांबल्यावर काय

बाळ रडायला, हलायला, नीट श्वास घ्यायला लागलं, किंवा शिकलेल्या माणसांनी तुमच्या हातून काम घेतलं, तर थांबायचं. तुमचीच शक्ती पूर्ण संपली किंवा जागा धोक्याची झाली तरीही थांबावं लागतं. "अंग थंड लागतंय" असं कुणी म्हटलं म्हणून थांबायचं नाही. तो निर्णय डॉक्टरांचा.

श्वास परत आला तर बाळाला कुशीवर किंवा हातावर आडवं धरा, डोकं थोडं खाली, तोंड मोकळं. चादरीत गुंडाळा. नजर पोटाच्या हालचालीवरून हलवू नका, कारण श्वास पुन्हा थांबू शकतो. थांबला तर लगेच परत टप्पा ४. दूध पाजू नका. बाळ अगदी पूर्ववत दिसलं, हसलं, तरी रुग्णालयात न्यायचंच. बुडालेल्या बाळाला काही तासांनी श्वासाचा त्रास सुरू होऊ शकतो.

गाडी आल्यावर तुमच्याकडून चार गोष्टी हव्या असतात. बाळ शेवटचं ठीक कधी दिसलं. काय झालं, म्हणजे पाणी, दाणा, ताप, वीज की काहीच माहीत नाही. सीपीआर किती वाजता सुरू केला. मध्ये श्वास आला होता का. या गडबडीत वेळ कुणाच्याच लक्षात राहत नाही. मोबाइलमधल्या १०८च्या कॉलची वेळ दाखवली तरी चालतं. बाळाचं लसीकरणाचं कार्ड आणि चालू औषधं शेजारणीला शोधायला सांगा, तुम्ही उठू नका. घशात दाणा अडकला होता आणि तो बाहेर आला असेल, तर तो फेकू नका. कागदात गुंडाळून बरोबर द्या, म्हणजे पूर्ण निघाला की तुकडा आत राहिला हे डॉक्टरांना बघता येतं.